खटक्याची खालची बाजू

खटका खाली ओढला आणि काहीच झालं नाही. ग्लायडर टेकडीच्या कडेखाली उतरलं होतं. मघापासून चांगला वर येणारा वारा मधेच पडला होता आणि समोर ती काटेरी झुडपं. उजवी स्टिक मी पार टोकाला नेऊन धरली होती, तरी ते आपलं सावकाश, आळस देत वळत होतं. अशा वेळी काय करायचं ते माझ्या बोटाला शिकवावं लागत नाही. डाव्या तर्जनीने खटका खाली. खटका खाली गेला की हेच ग्लायडर खडबडून जागं होतं, पंखाच्या पट्ट्या जवळजवळ दुप्पट उचलल्या जातात आणि ते गर्रकन बाहेर, मोकळ्या हवेकडे वळतं. आज खटका खाली गेला, टक्क असा आवाजही झाला, पण ग्लायडर त्याच चालीने वळत राहिलं, मी जसं काही केलंच नव्हतं. मग खालून काहीतरी फाटल्याचा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. मी ट्रान्समीटर धरून तसाच उभा. आधी वाटलं, खटका बिघडला. तो पुन्हा पुन्हा वर-खाली करून पाहिला. मग लक्षात आलं, खटक्याला काही झालेलं नाही. खटक्याच्या खालच्या बाजूला माझी सून असते, आणि आज ती तिथे नव्हती.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर म्हातारा बरळतोय असं वाटेल. आमचं ग्लायडर, म्हणजे वाऱ्यावर तरंगणारं बिनइंजिनाचं छोटं विमान, एक, ट्रान्समीटर एक आणि उडवणारी माणसं दोन. ट्रान्समीटर म्हणजे दोन्ही हातांत धरायची ती पेटी. माझी बायको तिला रिमोट म्हणते आणि मी दरवेळी चिडतो. पेटीवर दोन स्टिक असतात, त्या हलवल्या की तिकडे हवेत विमानाच्या पट्ट्या हलतात. पण किती हलवल्यावर किती हलाव्यात, हे ज्याच्या त्याच्या हातावर असतं, आणि ते पेटीच्या आत ठरवून ठेवता येतं. मला सगळं मऊ लागतं. अंगठा चुकून जरासा हलला तर ग्लायडरला त्याचा पत्ताही लागता कामा नये. सुनेचं उलटं. तिच्या मनात आलं की विमान वळलं पाहिजे. पहिल्यांदा तिच्या हातात पेटी दिली तेव्हा नवीनच लग्न झालेलं, माझ्याशी धड बोलतही नव्हती, आणि तरी थोड्याच वेळात तोंडातून निघून गेलं, “अहो बाबा, हे झोपलंय हो!” मी म्हटलं, “झोपलेलं नाही, विचार करतंय.” तर म्हणते, “मग त्याचा विचार होईस्तोवर मी घरी जाऊन येते.” असली फटकळ. त्या दिवसापासून मला ती आवडायला लागली, खोटं कशाला बोलू. मग आम्ही वाटणी केली. पेटीच्या डाव्या खांद्यावरचा खटका वर असला की माझं माप, मऊ. खाली केला की तिचं, तिखट. मी पेटी तिच्या हातात देताना खटका खाली करून देतो. परत घेतली की वर करतो. माझ्या मुलाने कधी त्या खटक्याला हात लावला नाही. तो टेकडीवर आलाच नाही कधी. लहानपणी एकदा आणला तर म्हणाला, बाबा, याला इंजिन नाही मग हे कशाला उडवायचं. त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

उतारावरून खाली जाताना माझे गुडघे कुरकुरत होते आणि डोकंही. माझं दुकान होतं, वजनकाटे दुरुस्त करायचं. काट्यांची पारख एवढीच की कुठल्या काट्याने किती मनावर घ्यायचं. सोनाराचा काटा आपण श्वास सोडला तरी हलतो. भंगारवाल्याच्या काट्यावर मांजर येऊन बसलं तरी त्याला खबर नसते, आणि नसावीच, नाहीतर दिवसभर बिचारा डोलतच राहील. लोक सोनाराच्या काट्याला चांगला म्हणतात आणि भंगारवाल्याच्या काट्याला वाईट, मला ते कधी पटलं नाही. बायको म्हणते मी भंगारवाल्याचा काटा आहे. घरात काहीही येऊन पडलं तरी मी म्हणणार, “बघतो.” मुलाने लग्न ठरवलं, बघतो. दोघांचं आतल्या आत काहीतरी बिनसलं, जेवताना बोलणं बंद झालं, मीठ सरकवायलासुद्धा एकमेकांना सांगेनात, तरी मी, बघतो. मग त्याला दुसऱ्या शहरात काम मिळालं, तो गेला, ती गेली नाही, आणि एके दिवशी दोघं शेजारी शेजारी बसून आम्हाला सांगायला आले की आम्ही वेगळे होतोय. भांडण नव्हतं, आरडाओरडा नव्हता. दोघंही इतकी नीट वागत होती की कुणावर ओरडावं तेच कळेना. बायको रडायला लागली. मी सुनेला विचारलं, “मग रविवारचं काय?” मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला की याचं डोकं ठिकाणावर आहे ना. सून म्हणाली, “येईन की.” आणि ती येत राहिली. टेकडीवर यायची, टेकडीवरून घरी, बायकोबरोबर चहा, तिच्याशी अर्धा तास कसल्या कसल्या कुचाळक्या, आणि मग स्कूटरवर बसून तिच्या भाड्याच्या खोलीवर. कागदावर ती आमची कुणी राहिली नव्हती. आम्ही त्या कागदाकडे लक्ष दिलं नाही एवढंच.

गुरुवारी मुलाचा फोन आला. त्याने तिकडे लग्न केलंय, साधंच, सहीचं, हे आम्हाला कळलं होतं. आता तो नव्या बायकोला घेऊन येणार होता, आठवडाभर राहणार होता. बायकोने पडदे धुवायला काढले होते. तिच्याशी बोलणं झालं आणि मग म्हणाला, बाबांना दे. माझ्याशी बोलायचं असलं की त्याचा आवाज आधीच थकतो. म्हणाला, “बाबा, एक सांगायचं होतं. ती अजून घरी येते-जाते ना... आता ते बरं दिसणार नाही. हिला अवघड होईल. तुम्हीच सांगा तिला, तुमचं ऐकते.” ती म्हणजे जुनी, हिला म्हणजे नवी. मी म्हटलं, “बघतो.” तो म्हणाला, “बघतो नाही बाबा, सांगा.” फोन ठेवला आणि जीभ आपोआप दातांवर फिरली. वरचे दात सगळे खोटे, आणि ते तिने केलेले. ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि ही खोलीवजा कारखान्यात बसून लोकांची हसणी तयार करते. माझी तिने वेगळं झाल्यावर केली, हट्टाने. “बाबा, ‘सरळ सडक’ म्हणा. पुन्हा म्हणा. अजून शिट्टी वाजतेय, काढा.” मग छोट्या चाकावर जराशी घासायची, फुंकर मारायची, पुन्हा माझ्या तोंडात. मी म्हणायचो उजवीकडे टोचतंय. “कुठे?” “इथे.” “इथे की इथे?” किती वेळा घासली असेल, कंटाळली नाही. म्हणजे ज्या दातांनी मी मुलाला ‘बघतो’ म्हटलं ते दात तिचे होते. हा विचार तेव्हापासून डोक्यातून जाईना. जेवताना, बोलताना, सारखी ती तोंडात. बायकोला सांगितलं तर म्हणाली, “मग काय दात काढून ठेवणार आहात का?” आणि पडदे पिळायला लागली, इतक्या जोरात की मी बाहेर जाऊन बसलो.

आज सकाळी निघताना बायको दारात आली. “सांगणार ना आज?” मी चपला शोधत होतो. ती म्हणाली, “अहो, विचारतेय मी.” मी म्हटलं, “सांगतो.” तिचा चेहरा मला कळेना. सांगितलेलं तिला हवं होतं की नको होतं, देव जाणे. पडदे धुऊन लावले होते आणि घर एकदम उघडं पडल्यासारखं वाटत होतं. आणि टेकडीवर आलो तर ती नव्हती. ती कायम माझ्या आधी येते, स्कूटरवर आडवी बसून पाय हलवत वाट बघते, “या, म्हातारबुवा, वारा संपत आला!” असं लांबूनच ओरडते. आज कुणीच नाही. सांगायचं ते वाक्य मी रस्ताभर तोंडात घोळवत आलो होतो, त्याला बसवायला जागाच मिळेना. मग म्हटलं, उडवू तर. एकट्यानेच फेकलं.

झुडपात ते उताणं पडलं होतं. डाव्या पंखावरचं प्लास्टिकचं कापड चांगलं बोटभर फाटलं होतं, बाकी धड. मी तिथेच दगडावर बसलो, ग्लायडर मांडीवर घेतलं आणि खिशातली छोटी मोजपट्टी काढली. सवय हो, काट्यांच्या धंद्यातली. मोजपट्टी पंखाच्या मागे लावली, स्टिक टोकाला नेली, पंखाची पट्टी किती उचलली जाते ते पाहिलं. खटका खाली केला, पुन्हा पाहिलं. तेवढीच. तसूभर फरक नाही. स्टिक मधल्या भागात हळूच हलवून पाहिली, वरच्या बाजूला मऊ, खालच्या बाजूलाही तशीच मऊ. खालच्या बाजूलाही मीच होतो. गेल्या रविवारी ती पेटी घरी घेऊन गेली होती. “जरा आत बघते बाबा, काहीतरी करायचंय,” म्हणाली होती. मी विचारलंही नाही, कारण तो बारीक पडदा मला दिसत नाही आणि ते सगळं तीच बघते. आणि काल दुपारी मी नसताना दारात पेटी ठेवून गेली. बायको म्हणाली, घाईत होती. तर हे करायचं होतं. तिने स्वतःला काढून टाकलं होतं. भांडी विसळून, पालथी घालून, जाताना दिवा मालवून जातात तसं. काही बोलली नाही, काही मागितलं नाही. तिला लग्नाचं कळलं असणार, न कळायला काय झालं, आणि मी काही बोलायच्या आधी तिने आपली बाजू रिकामी करून टाकली.

मला राग आला. आधी तिचा. अगं, सांगून तरी जायचं. हे काय चोरासारखं! मग मुलाचा. मग बायकोच्या पडद्यांचा. दगड ढुंगणाला टोचत होता त्याचासुद्धा. आणि त्या सगळ्या रागाच्या मागून हळूच एक गोष्ट पुढे आली, ती मला मुळीच आवडली नाही. मला सुटल्यासारखं वाटत होतं. चला, आता सांगावं लागणार नाही. वाक्य तोंडातल्या तोंडात विरघळून गेलं. मुलाला सांगता येईल, झालं तुझं काम. मी त्या दगडावर बसून माझ्या सुटकेकडे बघत राहिलो, आणि ती बघता बघता मला एकदम भडभडून आलं. या वयात, ऐन सकाळी, मांडीवर फाटकं ग्लायडर घेऊन. आसपास कुणी नव्हतं म्हणून बरं. कारण मला पुढचा रविवार दिसला होता. टेकडी आहे, वारा आहे, मी आहे, फेकायलाही मी आणि उडवायलाही मी. खाली बसून कुणी “झोपलंय हो” म्हणत नाही. मी घरी येतो, चहा होतो, नवी सून चांगलीच असेल, ती विचारते कसं उडालं, आणि मी म्हणतो छान. मुलगा फोनकडे बघतो. मी त्या घरातला सगळ्यात कमी हलणारा माणूस, मला काहीच होत नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. माणूस हलत नाही म्हणजे त्याच्यावर काही ठेवलेलं नाही, असं कुठे असतं का? काट्यांच्या धंद्यातल्या माणसाला तरी हे माहीत हवं.

वर येताना दम लागला. कडेपाशी पोचलो तर स्कूटर उभी. ती हेल्मेट काढत होती, केस घामाने चिकटलेले, अंगावर अजून कामाचा ॲप्रन, त्याच्यावर पांढरी धूळ. “सॉरी सॉरी सॉरी,” ती लांबूनच. “एका आजींची कवळी कुत्र्याने पळवली. खरंच! दुपारी नातीचं लग्न, डॉक्टरांनी पहाटे उठवलं मला. अहो, हे काय झालं? पडलं?” आणि माझ्या हातातलं ग्लायडर काढून घेतलं, पंखावरून हात फिरवला. ती पिशवीतून चिकटपट्टी काढून फाटलेल्या जागी लावायला लागली. दातांनी पट्टी तोडताना तिने माझ्याकडे पाहिलं. “बाबा, काय झालं? तुमचे डोळे असे का?” मी म्हटलं, “वारा.” ती म्हणाली, “वारा तर पडलाय.”

“खटका चालत नाही,” मी म्हटलं.

“चालतो की.”

“दोन्हीकडे मीच आहे.”

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. “अय्या, सांगायचं राहूनच गेलं! मीच केलंय ते. मागे एकदा तुमच्या जाकिटाची बाही खटक्यात अडकली होती, आठवतं? ग्लायडर एकदम उसळलं होतं. तुम्ही म्हणालात वाऱ्याचा झोत. झोत कसला, मी बघत होते, खटका खाली गेला होता. आणि नंतर दिवसभर तुमचा चेहरा नुसता पांढराफटक. म्हटलं, नको ती भानगड. दोन्हीकडे तुमचंच माप ठेवलं की चुकून लागला तरी काही होणार नाही.”

खरं सांगायचं तर ती बाही मला आठवत होती. त्या दिवशी मला वाटलं होतं, हात गेला आपला, आता उडवणं जमायचं नाही. “मग तू कशावर उडवणार?” मी विचारलं.

ती पट्टीवरून अंगठा दाबत राहिली. “मी तुमच्यावरच उडवते. कधीपासून.”

“काहीतरी बोलू नकोस. मी दरवेळी खाली करून देतो तुला.”

“आणि मी हातात घेतलं की वर करते, परत देताना पुन्हा खाली. तुमचं लक्षच नसतं, तुम्ही वर बघत असता.” ती हसली, पण ते हसणं अर्ध्यातच राहिलं. “आधी मजा यायची ती तिखट घेऊन. मग ते सगळं झालं ना, त्यानंतर नको वाटायला लागलं. दिवसभर जरा कुठे काही वाजलं तरी दचकायचे मी. इथे आल्यावर तरी जरा कमी कळावं असं वाटायचं. तुमच्या मापावर काही चुकलं तरी ते लगेच अंगावर येत नाही. हात थरथरला तरी चालतं.” आणि मग एकदम मान वर करून, “पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही कशाला खाली केलात खटका?”

आता आली का पंचाईत. मी इकडेतिकडे बघितलं. “अडचणीत आलो की करतो,” मी म्हटलं. “माझ्या बाजूने वळेना की तुझी बाजू घेतो.”

“नेहमी?”

“नेहमी म्हणजे... लागेल तेव्हा. लागतंच.”

“अरे देवा,” ती म्हणाली, “म्हणजे हे मी पाडलं,” आणि चिकटपट्टी हातात तशीच धरून ती माझ्या शेजारी गवतावर बसली. खाली शहराच्या टोकाला एक बस वळत होती, तिचं वळणंसुद्धा माझ्या मापाचं, सावकाश. वारा पुन्हा यायला लागला होता, आधी गुडघ्यांना कळला, मग गालांना.

“आईंचा फोन आला होता काल रात्री,” ती म्हणाली. माझ्या बायकोला ती अजून आईच म्हणते. “म्हणाल्या, ते तुला सांगणार नाहीत, त्यांना जमणार नाही, म्हणून मीच सांगते. मग अर्धा तास रडल्या आणि शेवटपर्यंत सांगितलंच नाही. मलाच म्हणावं लागलं, आई, मला कळलंय, मी नाही येणार घरी. तर त्या आणखी रडल्या.” ती गवताची काडी मोडत होती. “बाबा, मला राग नाही आला. खरंच. नवीन माणूस घरात येतं तेव्हा त्याला काय काय जाणवतं ते मला माहितेय. तिला पहिल्याच आठवड्यात मी कशाला? तुम्ही सांगितलंत असं समजा, झालं. मी ऐकलं.”

तिने माझं ओझं अलगद उतरवून बाजूला ठेवलं होतं. मी नुसतं “बरं” म्हटलं असतं तरी भागलं असतं. तोंडात तो ‘ब’ आलाही होता. बरं म्हणा की बघतो म्हणा, दोन्ही तिथूनच निघतात. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, ते शब्द आले नाहीत, दुसरेच आले, आणि ते माझ्या आवाजात आले म्हणून मीच दचकलो.

“मला करमणार नाही तुझ्याशिवाय,” मी म्हटलं. “घरी येऊ नकोस असं तो म्हणालाय, तेवढं मी सांगितलं. आता माझं ऐक. मला तू हवी आहेस. सून नसलीस तर नसलीस, काय असशील ते अस, पण रविवारी इथे ये. तू आली नाहीस तर मी ते ग्लायडर उडवणार नाही, भिंतीला टांगून ठेवीन.”

तिने तोंड दुसरीकडे वळवलं. ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले, तर त्या पांढऱ्या धुळीचा पट्टा गालावर उमटला. मी खिशातून फोन काढला. ती म्हणाली, “बाबा, आता नको.” पण बोट आधीच दाबलं गेलं होतं. मुलाने लगेच उचलला, वाट बघत असावा. “सांगितलंत का?” म्हणाला.

“सांगितलं. ती घरी येणार नाही. पण रविवारी मी टेकडीवर असतो आणि तीही असणार. या रविवारी, पुढच्या रविवारी, तू इथे असशील तेव्हाही. हे तुझ्या बायकोला मी स्वतः सांगेन, चोरून काही नाही. तिला बघायला यायचं असलं तर तिनेही यावं. माझे दात हिने केलेत, हेही तुला सांगून ठेवतो.”

मला वाटलं आता चिडेल. मागे कुणी बाई हळूच काहीतरी विचारत होती, आणि तो तिला म्हणाला, काही नाही, बाबा आहेत. मग मला म्हणाला, “बाबा, तुम्ही कधीच असं बोलला नाहीत.” मी म्हटलं, “हो ना.” “बरं,” तो म्हणाला. माझाच मुलगा तो. फोन ठेवल्यावर माझे हात कापत होते, चांगलेच कापत होते, आणि मी ते लपवले नाहीत.

सुनेने पेटी मांडीवर घेतली, तो बारीक पडदा उघडला, बटणं दाबायला लागली. “माझी बाजू परत टाकते,” ती म्हणाली. “तुम्हाला लागते म्हणून. किती ठेवू?”

“होती तेवढी.”

“जरा कमी करू? तुमच्या हाताला फार होईल.”

“होती तेवढीच ठेव म्हटलं ना.”

“बरं बाबा, ओरडू नका.” तिने खटका खाली करून, स्टिक हलवून पट्ट्या तपासल्या, वर, खाली, पुन्हा वर, आणि मग उठून कडेवर गेली. मी पेटी घेतली. तिने ग्लायडर डोक्यावर धरलं, वाऱ्याचा अंदाज घेतला, “सोडू?” विचारलं आणि सोडलं. चिकटपट्टी उन्हात चमकली. ते वर उचललं गेलं, टेकडीच्या कडेने चालायला लागलं, आणि तेव्हा मला जाणवलं की खटका खालीच राहिलाय. अंगठा नुसता टेकला की ते मान टाकत होतं, श्वास घेतला तरी उसळत होतं, डावीकडे म्हणावं तर आधीच डावीकडे गेलेलं. माझे हात अजून थांबले नव्हते आणि त्यांचं सगळं कापणं वर आभाळात दिसत होतं, कुणालाही दिसावं असं.

“बाबा, खटका!” ती धावत आली. “वर करा, वर करा, नाचतंय ते!”

“नाचू दे,” मी म्हटलं.